न दुखणारं दुखणं

नमस्कार डॉक्टर,

चार महिन्यांपूर्वी माझ्या बाबांना पक्षाघाताचा झटका आला. वय ६४. उजवा हात-पाय लुळा पडला आणि बोलणं गेलं. आता आधाराने चालतात, पण तोंडातून शब्द एकच निघतो, 'अगं'. हवं असलं तरी 'अगं', नको असलं तरी 'अगं'. मध्येच कारण नसताना रडू लागतात. त्या दिवशी सकाळी सात वाजता त्यांना शर्टाची बटणं लावता येईनात. 'हात बधिर झालाय, जरा पडतो,' म्हणाले. आम्ही पडू दिलं. हॉस्पिटलला पोचलो तेव्हा साडेबारा वाजले होते. गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनची वेळ टळून गेली, असं तिथे सांगितलं. त्याच्या दोन आठवडे आधी एकदा दहा मिनिटं त्यांची जीभ जड झाली होती, पण आपोआप बरं झालं म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. मला रोज वाटतं, आम्हीच त्यांचं बोलणं घालवलं. ते पुन्हा बोलतील का? आणि अजून एक. माझ्या ४१ वर्षांच्या भावाचं बीपी १६० च्या पुढे असतं. गोळी घ्यायला तयार नाही. 'मला काही त्रासच होत नाही,' म्हणतो. त्याला कसं समजावू?

– बाबांची मुलगी

प्रिय ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना तीन ठिकाणी पेन्सिलीने खूण केली. 'जरा पडतो.' 'आपोआप बरं झालं.' 'काही त्रासच होत नाही.' तिन्ही वेळा माणसं फसली ती एकाच कारणाने: कुठे दुखत नव्हतं.

आपण आजारालाच 'दुखणं' म्हणतो. आजारी माणूस तो दुखणेकरी, आणि डॉक्टरकडे न जाता दिवस काढले तर 'दुखणं अंगावर काढलं'. शरीर बिघडलं की ते दुखणारच, हे आपल्या बोलण्यात इतकं मुरलंय की न दुखणारा आजार आपल्याला आजार वाटतच नाही. बाबांच्या छातीत कळ आली असती तर त्यांना पडू देणारी माणसं तुम्ही नक्कीच नव्हतात. पण मेंदूच्या गाभ्याला वेदना कळतच नाही. सगळ्या अंगाचं दुखणं ओळखणारा हा अवयव, त्याचा स्वतःचा एक भाग रक्तावाचून मरत असताना साधी ठणकसुद्धा लागू देत नाही. रक्तस्राव झाला तर कधी कधी डोकं प्रचंड दुखतं, ते वेगळं. गुठळीने रक्तवाहिनी बंद होते तेव्हा बहुतेकांना दुखत नाही. हात जड होतो, जीभ अडखळते आणि माणसाला वाटतं, हातावर झोपलो असेन.

आता तुमच्या मनातल्या टोचणीबद्दल. तुम्हाला बरं वाटावं म्हणून खोटं सांगणार नाही. त्या सकाळी वेळ गेला हे खरं आहे आणि त्या वेळेला किंमत होती हेही खरं. मोठी रक्तवाहिनी बंद झाली की उपचार मिळेपर्यंत मिनिटाला सरासरी १९ लाख चेतापेशी मरतात, असा हिशेब २००६ मध्ये मांडला गेला. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं. त्या मुदतीतही पहिल्या तासात दिलेल्याचा गुण चौथ्या तासातल्यापेक्षा कितीतरी जास्त. पण दुसरी बाजूही तेवढीच खरी आहे. हे इंजेक्शन प्रत्येकाला चालत नाही, चाललं तरी प्रत्येकाला गुण येत नाही. वेळेत पोचून, इंजेक्शन घेऊनही बोलणं न परतलेली माणसं मी पाहिली आहेत. 'सात वाजता निघालो असतो तर बाबा आज बोलले असते,' असं छातीठोकपणे कुणीही सांगू शकत नाही. मीही नाही आणि तुम्हीही नाही. तुमच्या घरात त्या दिवशी हयगय कुणी केली नव्हती. माहिती नव्हती. माहिती नसल्याचा दोष आधी आम्हा डॉक्टर मंडळींकडे येतो. बीपी मोजलं, गोळ्या लिहून दिल्या, पण 'हात एकदम बधिर झाला तर झोपू नका, निघा' हे एक वाक्य आम्ही किती जणांना सांगतो?

दोन आठवड्यांपूर्वीच्या त्या दहा मिनिटांबद्दल लिहायला मला जड जातंय. पण तुमच्या घरात अजून माणसं आहेत, म्हणून लिहिते. गुठळी येते, वाट अडवते आणि शरीर तिला स्वतःच विरघळवतं. लक्षणं काही मिनिटांत, फार तर तासाभरात निघून जातात. याला आम्ही टीआयए म्हणतो, लोक 'छोटा झटका' म्हणतात. हे नाव मला पटत नाही, कारण 'छोटा' ऐकलं की माणूस निर्धास्त होतो. असा प्रकार होऊन गेलेल्यांवर उपचार झाले नाहीत, तर तीन महिन्यांत दहातल्या एकाला तरी खरा झटका येतो आणि त्यातले जवळपास निम्मे पहिल्या दोन दिवसांतच. उलट त्याच दिवशी तपासण्या करून औषधं सुरू केली तर हा धोका खूपच खाली येतो. म्हणून जीभ जड होऊन पुन्हा सुटली, डोळ्यापुढे पडदा आला आणि सरला, हात लुळा पडून पुन्हा ताळ्यावर आला, तर 'गेलं एकदाचं' म्हणायचं नाही. त्याच दिवशी, शक्यतो त्याच तासाला हॉस्पिटल गाठायचं. माणूस ठणठणीत दिसत असला तरी.

पुन्हा कधी अशी वेळ आली तर काय करायचं ते घरातल्या प्रत्येकाला, लहान मुलांनाही, तोंडपाठ असू द्या. हसायला सांगा, तोंड एका बाजूला ओढलं जातंय का बघा. डोळे मिटून दोन्ही हात समोर धरायला सांगा, एक खाली घसरतोय का बघा. एखादं साधं वाक्य म्हणायला सांगा, शब्द बोबडे किंवा भलतेच येतात का ऐका. एकाएकी तोल जाणं, अर्धं दिसेनासं होणं, हेही याच यादीतलं. यातलं एक जरी दिसलं तरी पुरे, दुसऱ्याची वाट बघू नका. शेवटचं ठीक कधी पाहिलं होतं ती वेळ कागदावर लिहा. हॉस्पिटलमध्ये पहिला प्रश्न तोच असतो आणि गोंधळात नेमकं तेच आठवत नाही. सीटी स्कॅनची सोय असलेल्या हॉस्पिटललाच न्या, वाटेतल्या लहान दवाखान्यात थांबलात तर अर्धा तास जातो. तोंडाने पाणी किंवा खाणं देऊ नका, गिळता येत नसेल तर ते फुप्फुसात उतरतं. ॲस्पिरिन देऊ नका. गुठळी आहे की रक्तस्राव हे बाहेरून ओळखता येत नाही, स्कॅनमध्येच कळतं, आणि रक्तस्राव असेल तर ॲस्पिरिनने तो वाढू शकतो. बीपी वाढलेलं दिसलं म्हणून जास्तीची गोळीही देऊ नका. वाट बंद झालेल्या भागाला कसंबसं रक्त पोचवण्यासाठी शरीर त्या वेळी दाब वाढवत असतं. तो एकदम उतरला तर नुकसान वाढतं. आणि साडेचार तास उलटले म्हणून जायचंच टाळू नका. मोठ्या रक्तवाहिनीतली गुठळी नळी घालून बाहेर काढता येते आणि निवडक रुग्णांमध्ये हे २४ तासांपर्यंतही करतात.

बाबांच्या बोलण्याबद्दल आता. हा तुमचा खरा प्रश्न आहे.

१८६१ मध्ये पॅरिसमध्ये पॉल ब्रोका नावाच्या शल्यविशारदाकडे एक रुग्ण आला. काहीही विचारलं तरी तो 'टॅन' एवढंच म्हणायचा. सांगितलेलं त्याला बहुतेक समजत होतं, हातवारे करून तो उत्तरं देत होता. काही दिवसांत तो वारला. ब्रोकाने मेंदू तपासला, तेव्हा डाव्या बाजूच्या पुढच्या भागाला इजा दिसली. वाचेचा तो पट्टा आजही ब्रोकाच्या नावाने ओळखला जातो. उजवा हात-पाय आणि वाचा दोन्ही एकदम गेली म्हणजे बाबांच्याही मेंदूच्या डाव्या बाजूला मार बसलाय. त्यांचा 'अगं' हा त्या 'टॅन'चा सख्खा भाऊ. आत वाक्य तयार आहे, अर्थ तयार आहे, बाहेर पडताना मात्र दारातून एकच शब्द सुटतो. काही रुग्णांना समजायलाही अडचण होते. बाबांना किती समजतंय ते वाचा-उपचार करणाऱ्या तज्ज्ञांकडून नीट तपासून घ्या. पण 'त्यांना काही कळत नाही' असं धरून त्यांच्या डोक्यावरून गप्पा मारू नका. सगळं ऐकू येतं, पण ओठांपर्यंत काहीच येत नाही, अशा माणसाला याहून मोठी शिक्षा नाही.

एक करून बघा. त्यांच्याबरोबर एक, दोन, तीन मोजायला लागा. वारांची नावं म्हणा. त्यांना पाठ असलेलं, वर्षानुवर्षं म्हटलेलं काहीही चालीवर सुरू करा आणि मध्येच थांबा. 'अगं'पलीकडे एक शब्दही न बोलणारा माणूस पुढची ओळ गाऊन टाकतो, हे मी अनेकदा पाहिलंय आणि दर वेळी माझ्याही घशात आवंढा येतो. अंगवळणी पडलेले शब्द आणि सूर मेंदूत नव्याने जुळवलेल्या वाक्यांपेक्षा वेगळ्या वाटांनी जातात, उजव्या बाजूचाही त्यात हात असतो. चालीवरून हळूहळू बोलण्याकडे नेण्याची एक उपचारपद्धतही आहे. बाबांनी गायलं म्हणजे उद्या बोलतील असं मात्र समजू नका. आत वाटा शिल्लक आहेत, एवढंच ते सांगतं.

ते परत बोलतील का? पूर्वीसारखं अस्खलित बोलतील असं वचन देता येत नाही. पण चार महिने हा शेवट नव्हे. हातापायांची सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत झपाट्याने होते, नंतर वेग मंदावतो. वाचेचं मात्र वर्षानंतर, दोन वर्षांनंतरही नवे शब्द येताना दिसतात. मेलेल्या पेशी परत येत नाहीत. शेजारच्या पेशी त्यांचं काम शिकतात, आणि त्या शिकतात ते केवळ वारंवार केल्याने. म्हणून आठवड्यातून एकदा तासभर तज्ज्ञांकडे जाण्यापेक्षा रोज घरी थोडा थोडा वेळ, दिवसातून चार-पाच वेळा बसा. प्रश्न असा विचारा की उत्तर 'हो' किंवा 'नाही' असेल आणि ते मानेने, बोटाने, चित्रावर हात ठेवून देता येईल. एका वेळी एकच प्रश्न. मग थांबा. आपल्याला दहा सेकंदांची शांतता असह्य होते आणि आपण त्यांचं वाक्य पुरं करून टाकतो. करू नका. त्यांना वीस सेकंद लागले तर वीस द्या.

रडण्याचं दोन प्रकारे असू शकतं. झटक्यानंतर भावनांवरचा लगाम सैल होतो. साध्या गोष्टीवरून रडू फुटतं, मिनिटभरात थांबतं आणि आत तेवढं दुःख असतंच असं नाही. अशा वेळी 'रडू नका, रडू नका' करत भोवती गोळा होऊ नका. हात धरा, विषय बदला. पण ते दिवस दिवस गप्प असतील, झोप-भूक गेली असेल, व्यायाम करायला नकार देत असतील, तर ते नैराश्य असू शकतं. झटक्यानंतर साधारण तीनातल्या एकाला ते गाठतं. त्यावर चांगली औषधं आहेत. ज्याला बोलून सांगता येत नाही त्याचं नैराश्य घरच्यांनीच ओळखायचं असतं, म्हणून पुढच्या भेटीत हा विषय तुम्हीच काढा.

आणि उठवताना त्यांचा उजवा हात धरून ओढू नका. लुळ्या खांद्याचे स्नायू सांध्याला धरून ठेवत नाहीत. सगळे जण प्रेमाने तोच हात ओढतात आणि खांदा निखळल्यासारखा होतो. मग त्या दुखण्यापायी व्यायामच बंद पडतो. काखेखालून किंवा कमरेला आधार द्या.

बाबांच्या गोळ्या कधीही, 'आता बरे आहेत' म्हणूनही, स्वतःहून थांबवू नका. एकदा झटका येऊन गेलेल्याला दुसऱ्याचा धोका इतरांपेक्षा बराच जास्त असतो. गुठळी हृदयातून आली होती का, त्यांच्या ठोक्यांची लय अनियमित आहे का, मानेतल्या रक्तवाहिन्या अरुंद आहेत का, हे तपासलं गेलंय ना एवढं फाइलमध्ये बघून घ्या. लय बिघडलेली असेल तर झटक्याचा धोका साधारण पाचपट होतो आणि मग रक्त पातळ ठेवणारं औषधही वेगळं लागतं.

आता तुमचा भाऊ. पत्राचा हा भाग त्यालाच वाचायला द्या.

अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचं बीपी १९४१ मध्ये १८८/१०५ नोंदलं गेलं होतं. त्यानंतरही ते महायुद्ध चालवत राहिले. १२ एप्रिल १९४५ ला डोक्याच्या मागच्या बाजूला भयंकर दुखतंय म्हणाले आणि कोसळले. तेव्हा दाब ३००/१९० होता. मेंदूत रक्तस्राव झाला होता आणि वय फक्त ६३. जगातला सगळ्यात बलाढ्य माणूस, दिमतीला डॉक्टर, पण त्या काळी द्यायला धड गोळीच नव्हती. दाब उतरवणाऱ्या सोयीच्या गोळ्या १९५० च्या दशकाच्या अखेरीस आल्या. रूझवेल्ट यांना जे मिळू शकलं नाही ते तुमच्या भावाला सहज मिळतंय आणि तो नको म्हणतोय.

त्याला त्रास होत नाही हे खरंच आहे. १६० ला बहुतेकांना होत नाही. मेंदूच्या खोल भागात जाणाऱ्या रक्तवाहिन्या केसासारख्या बारीक असतात आणि मोठ्या वाहिनीतून काटकोनात फुटतात, त्यामुळे मोठ्या वाहिनीतला दाब त्यांच्यावर थेट आदळतो. वर्षानुवर्षं मार खाऊन त्यांच्या भिंती जाड होतात, आतली वाट अरुंद होते आणि एक दिवस बंद पडते. काहींच्या भिंती उलट कमकुवत होऊन फुटतात. झटका क्षणात येतो, त्याची तयारी मात्र दहा-वीस वर्षं चाललेली असते आणि ती कधीच दुखत नाही. ३२ देशांत झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१६ मध्ये आले. पक्षाघाताचा सुमारे ९० टक्के धोका दहा बदलता येण्याजोग्या कारणांशी जोडलेला आढळला आणि त्यात पहिला नंबर उच्च रक्तदाबाचा. वरचा आकडा नुसता १० ने खाली आणला तरी झटक्याचा धोका पाव हिश्श्याने कमी होतो. इतक्या कमी कष्टात एवढं काही देणारं दुसरं औषध माझ्या पाहण्यात नाही.

'एकदा सुरू केली की जन्मभर घ्यावी लागते,' असंही तो म्हणत असेल. बहुधा घ्यावी लागेल. पण ती सवय लागते म्हणून नव्हे. दाब वाढवणारं कारण आत शिल्लक असतं म्हणून. वजन उतरवलं, मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत आणलं, आठवड्याला दीडशे मिनिटं दम लागेल असं चाललं, तर डोस कमी करता येतो, क्वचित गोळी बंदही होते. मात्र तो निर्णय आकडे बघून डॉक्टरांनी घ्यायचा. एखाद्या गोळीने कोरडा खोकला येतो, एखादीने घोटे सुजतात. तसं झालं तर गोळी बदलून घ्यायची, उपचार सोडायचा नाही. तंबाखू किंवा सिगारेट असेल तर आधी ती. दारूही. घोरत असेल आणि झोपेत श्वास अडकत असेल तर तेही सांगायला हवं, त्यानेसुद्धा दाब चढतो. साखर आणि कोलेस्टेरॉल एकदा तपासून घ्या. वडिलांना झटका आलेला असल्यामुळे तुमच्या दोघांचाही धोका थोडा वाढलेला आहे, म्हणून तपासणी तुमचीही करा. तुमचं स्वतःचं बीपी किती, हे तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही.

भावाशी वाद घालू नका. त्याच्या दंडाला पट्टा बांधा. घरी बीपीचं मशीन आणा, मनगटाचं नको, दंडाचं. पाच मिनिटं शांत बसायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीला, मोजताना बोलायचं नाही. सकाळी दोनदा, संध्याकाळी दोनदा, सात दिवस. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून द्यायचे आणि उरलेल्यांची सरासरी काढायची. घरी मोजलेली सरासरी १३५/८५ किंवा त्याहून जास्त आली तर ते उच्च रक्तदाबच. मधल्या कुठल्याही दिवशी १८० च्या वर गेलं तर सात दिवस थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

आकडे बाबांच्या शेजारी बसून लिहा. वही बाबांच्या डाव्या हातात द्या, पेन्सिलही द्या. उजव्या हाताचा माणूस डाव्या हाताने आकडे गिरवायला शिकतो आणि त्यांना घरात पुन्हा एक काम मिळतं. सात दिवस झाले की त्या पानाचा फोटो मला पाठवा. तुमचे आकडेही त्यात असू द्या.

तुमची,
डॉक्टर